कोंडा जातो आणि परत येतो: नवा शाम्पू घेण्याआधी काय काय तपासायचं

मेडिकलच्या काउंटरवर काही वाक्यं कायम ऐकू येतात. "दादा, कोंड्यावर काहीतरी स्ट्राँग द्या, तीन शाम्पू झाले, फरक शून्य" हे त्यातलं एक. थंडी सुरू झाली की ते जास्त ऐकू येतं. मी औषधविक्रेता आहे, डॉक्टर नाही. पण या एकाच तक्रारीवर इतक्या जणांशी बोलणं झालंय की आता शेल्फकडे हात नेण्याआधी मी चार प्रश्न विचारतो. बहुतेकांच्या बाबतीत शाम्पू ठीकच असतो आणि घोळ वापरण्याच्या रीतीत असतो. थोड्या जणांना मात्र कोंडा नसतोच, दुसरंच काही असतं. खालचा क्रम फुकटच्या गोष्टींपासून खर्चाच्या गोष्टींकडे जातो, त्यामुळे मधली पायरी गाळू नका.

लक्षणं

साधा कोंडा म्हणजे पांढरट, करडा, कोरडा भुगा. काळ्या शर्टाच्या खांद्यावर दिसतो, भांग पाडताना कंगव्यात येतो. खाज असते, पण झोप मोडेल इतकी नाही. भांगातून त्वचा बघितली तर ती साधारण नेहमीच्या रंगाची असते.

त्याच्या पुढची पायरी म्हणजे सेबोरिक डर्मटायटिस. इथे खपल्या पिवळसर, तेलकट आणि चिकट होतात. नखाने काढल्या तर नखात मेणासारखा थर राहतो. खालची त्वचा लालसर असते, पण आपल्याकडच्या सावळ्या त्वचेवर लाली सहज दिसत नाही. त्याऐवजी आजूबाजूपेक्षा फिकट चट्टे दिसतात आणि लोक त्यांना कॅल्शियमची कमतरता समजतात. मोठी खूण अशी की हे फक्त डोक्यावर थांबत नाही. भुवया, नाकाच्या दोन्ही कडा, कानामागची घडी, कानाचं तोंड, दाढी-मिशी, पुरुषांत छातीचा मधला भाग, म्हणजे जिथे जिथे त्वचेतून तेल जास्त सुटतं तिथे ते येतं.

दोन्ही एकाच आजाराची सौम्य आणि तीव्र रूपं मानली जातात. दोन्ही कमी होतात आणि परत येतात. थंडी, परीक्षा, रात्रपाळी, घरातलं आजारपण, यांपैकी काही झालं की उसळतात. दोन्ही संसर्गजन्य नाहीत. नवऱ्याचा कोंडा बायकोला लागत नाही.

आधी आरसा: हा कोंडाच आहे ना?

खर्च शून्य, पण ही पायरी चुकली तर पुढचं सगळं वाया. खिडकीजवळच्या उजेडात बसा आणि घरातल्या कुणालातरी भांग पाडून मोबाइलवर डोक्याचे चार-पाच फोटो काढायला सांगा. पुढे सुधारणा होते आहे की नाही हे कळायलाही तेच फोटो लागतील. "बरं वाटतंय" यावर माझा फारसा भरवसा नाही.

केसाला चिकटलेला पांढरा कण दोन बोटांत धरून ओढून बघा. सहज घसरला तर कोंडा. केसाला घट्ट डकलेला, हलतच नाही, अंड्याच्या आकाराचा, तर ती लीख. शाळेतल्या मुलींच्या बाबतीत हे हमखास तपासा. आया कोंड्याचा शाम्पू मागायला येतात आणि निघतात उवा.

मुलाच्या डोक्यावर गोल चट्टा आहे, तिथले केस मुळापासून तुटलेत, काळे ठिपके दिसतात, मानेत गाठ लागते, तर तो डोक्याचा नायटा असू शकतो. ही वेगळी बुरशी आहे, केसाच्या आत शिरते, आणि तिला पोटातून औषध लागतं. नुसत्या शाम्पूने ती जात नाही, उलट भावंडांत पसरते. असं दिसलं तर पुढचं वाचत न बसता इथेच थांबून डॉक्टरांकडे गेलेलं बरं.

खपल्या जाड, चंदेरी, कपाळावर केसांच्या रेषेच्या बाहेर आलेल्या, आणि सोबत कोपर, गुडघे, कंबर इथेही तसेच चट्टे किंवा नखांवर सुईने टोचल्यासारखे खड्डे असतील, तर सोरायसिसची शंका घ्यायला हवी.

अजून एक प्रश्न मी आवर्जून विचारतो: केस कशाने रंगवता? बाजारातल्या काळ्या मेंदीत आणि बहुतेक हेअर डायमध्ये पीपीडी नावाचं रसायन असतं. त्याची ॲलर्जी झाली की खाज सुटते, कानांच्या पाळ्या, मान, कपाळाची कड सोलते, कधी सकाळी पापण्या सुजलेल्या दिसतात. माणूस म्हणतो कोंडा वाढला, कोंड्याचा शाम्पू आणतो, आणि महिन्याने पुन्हा तोच डाय लावतो. डाय बंद केल्याशिवाय हे थांबत नाही.

तेल

इथे माझं आणि ग्राहकांचं सर्वांत जास्त वाजतं. "डोकं कोरडं पडलंय म्हणून कोंडा होतो, म्हणून तेल लावतो" ही समजूत इतकी पक्की आहे की तिच्या विरुद्ध बोलणाऱ्याकडे लोक संशयाने बघतात. म्हणून कारण सांगतो.

आपल्या सगळ्यांच्या डोक्यावर मॅलॅसेझिया नावाची यीस्ट जातीची बुरशी राहते. फ्रेंच शास्त्रज्ञ लुई-शार्ल मॅलॅसे यांनी १८७४ मध्ये तिचं वर्णन केलं, त्यांच्यावरूनच नाव पडलं. तिला स्वतःला लागणारी मेदाम्लं बनवता येत नाहीत. ती आपल्या त्वचेतून सुटणाऱ्या तेलावर जगते. प्रयोगशाळेत तिच्या काही जाती वाढवायच्या तर खाद्यात ऑलिव्ह ऑइल घालावं लागतं. तेल फोडून ती हवी ती मेदाम्लं खाते आणि नको ती मागे सोडते. त्यातलं एक ओलेइक आम्ल. ज्यांची त्वचा त्याला संवेदनशील असते त्यांच्याकडे त्वचा चिडते, आणि एरवी साधारण महिनाभरात होणारं पेशींचं येणं-जाणं घाईघाईने व्हायला लागतं. अर्ध्याकच्च्या पेशी गठ्ठ्याने गळतात, तोच कोंडा. बुरशी सगळ्यांकडे असून कोंडा सगळ्यांना का नाही, त्याचं उत्तर या संवेदनशीलतेत आहे.

आता रात्री खोबरेल चोपडून झोपणाऱ्याचा विचार करा. तेलाने खपल्या ओल्या होऊन चिकटतात, भुगा दिसत नाही, दोन दिवस छान वाटतं. तेवढ्यामुळेच तेल "लागू पडतं" असा समज होतो. खोबरेलातल्या लॉरिक आम्लाचे बुरशीविरोधी गुण प्रयोगशाळेत दिसतात, तेही खरं. पण ज्यांच्या खपल्या पिवळ्या आणि तेलकट आहेत, त्यांच्या डोक्यावर दिवसेंदिवस तेल ठेवून आजार हटलेला मी पाहिलेला नाही. ऑलिव्ह ऑइल तर नकोच, त्यात ओलेइक आम्लच सर्वांत जास्त.

तर तपासणी अशी: चार आठवडे डोक्याच्या त्वचेला तेल बंद. केसांच्या टोकांना दोन थेंब लावले तर हरकत नाही, लांब केसांना ते लागतातही. आजीला वाईट वाटत असेल तर न्हाण्याच्या तासभर आधी लावून घ्या आणि त्याच दिवशी धुऊन टाका. दिवाळीचं अभ्यंगस्नान याच हिशेबात बसतं, त्यासाठी कुणी भांडू नका.

तान्ह्या बाळाच्या डोक्यावरच्या पिवळ्या खपल्या ही मात्र वेगळी गोष्ट. तिथे तेलाचे थोडे थेंब लावून थोड्या वेळाने मऊ ब्रशने खपली सैल करायची आणि बाळाच्या शाम्पूने धुवायची. खरवडायचं नाही, मोठ्यांचा औषधी शाम्पू लावायचा नाही. बहुतेक बाळांचं काही महिन्यांत आपोआप जातं.

धुणं

आठवड्यातून एकदा, रविवारी न्हाणं, ही पद्धत कोंडा असलेल्याला पुरत नाही. तेल साठतं, बुरशीला सहा दिवस जेवण मिळतं. आठवड्यातून दोन ते तीन वेळा धुवायला हवं. केस खूप दाट, कुरळे किंवा फार रुक्ष असतील तर एक-दोनवर भागतं. "जास्त धुतल्याने केस गळतात" ही भीती फार जणांना आहे. धुताना हातात येतात ते बहुतेक आधीच सुटलेले केस असतात, चार दिवसांचे एकदम दिसतात इतकंच. उलट खाजवून आणि सूज राहून केस जास्त गळतात, आणि त्वचा शांत झाली की बहुधा ते थांबतं.

अंगाचा साबण डोक्याला लावू नका. बरेच पुरुष एकच वडी डोक्यापासून पायापर्यंत फिरवतात. बोअरच्या किंवा टँकरच्या जड पाण्यात साबणाचा पांढरा चोथा होतो आणि तो केसांच्या मुळाशी बसतो. कधी कधी ज्याला कोंडा म्हणतात तो हाच थर असतो. पंधरा दिवस साबण सोडून साधा शाम्पू वापरला आणि प्रश्न मिटला, असे लोक मी पाहिलेत. त्यांना औषध विकायची वेळच आली नाही.

पाणी कोमट. केस ओले असताना अंबाडा बांधून वर हेल्मेट घालून ऑफिसला जाणं टाळा. हेल्मेटचं आतलं अस्तर निघत असेल तर धुवा.

शाम्पूची रीत: बहुतेकांचं इथे अडतं

"किती वेळ ठेवता?" असं विचारलं की समोरचा बघत राहतो. ठेवायचा कशाला? लावला, फेस केला, धुतला. सगळं मिळून अर्धा मिनिट. औषधी शाम्पूतलं औषध त्वचेला लागून राहिलं पाहिजे, तरच ते बुरशीपर्यंत पोचतं. कीटोकोनाझोलच्या शाम्पूला तीन ते पाच मिनिटं लागतात. मोबाइलवर टायमर लावा, कारण डोळे मिटून मोजलेली पाच मिनिटं दीडच भरतात.

आधी साध्या शाम्पूने किंवा त्याच शाम्पूच्या थोड्या भागाने एकदा धुऊन तेल-घाम काढा. मग औषधी शाम्पू तळव्यावर घेऊन केसांवर नव्हे तर भांग पाडत पाडत त्वचेवर, बोटांच्या पेरांनी. नखं लावायची नाहीत. कानामागे आणि मानेवरच्या केसांच्या रेषेत विसरू नका, खपल्या तिथेच दडून बसतात. भुवया, दाढी, नाकाच्या कडांना त्रास असेल तर तोच फेस तिथेही हलकेच लावून धुवा, डोळ्यांत जाऊ देऊ नका. कंडिशनर हवा असेल तर शेवटी आणि फक्त केसांच्या लांबीला.

कीटोकोनाझोल २ टक्के असेल तर आठवड्यातून दोनदा, दोन ते चार आठवडे. मध्येच बाटली बदलायची नाही. रोज लावून लवकर गुण येत नाही, डोकं मात्र रुक्ष होतं. एका पाऊचमध्ये लांब केसांचं संपूर्ण डोकं होत नाही हेही सांगून ठेवतो. पैसे वाचवायला पाऊच घेतात आणि अर्धंच डोकं धुतलं जातं.

बाटलीच्या मागचं वाचा

तीन शाम्पू झाले म्हणता, पण तिन्हींत घटक एकच होता, हे फार वेळा निघतं. पुढचं चित्र बदलतं, मागची ओळ तीच. बदलायचा तो घटक.

झिंक पायरिथिओन, साधारण १ टक्का: साध्या दुकानातल्या बहुतेक अँटी-डँड्रफ शाम्पूंत हाच असायचा. सौम्य कोंड्याला पुरतो, पिवळ्या खपल्यांना अनेकदा कमी पडतो. युरोपीय संघाने मार्च २०२२ पासून सौंदर्यप्रसाधनांत त्याला बंदी केली आहे. त्यामुळे जर्मनी, नेदरलँड्सला गेलेल्या मुलांना तिथे "आपला नेहमीचा" शाम्पू वेगळ्या घटकाचा मिळतो, बहुधा पिरोक्टोन ओलामाइनचा, आणि आईला बाटल्या पाठवायचा फोन येतो. आधी तिथला नीट वापरून बघा, तोही चालतो.

कीटोकोनाझोल २ टक्के आणि सायक्लोपिरॉक्स हे थेट बुरशीवर काम करतात. सेबोरिक डर्मटायटिसला मी इथूनच सुरुवात सुचवतो. सेलेनियम सल्फाइडही चांगला, वासाला उग्र. तो लावताना अंगठी, बांगड्या, मंगळसूत्र काढून ठेवा, धातू काळवंडतो. पांढऱ्या किंवा रंगवलेल्या केसांवर त्याची छटा चढू शकते, म्हणून नंतर भरपूर पाण्याने धुवायचं.

एक घटक चार आठवडे नीट वापरून उपयोग झाला नाही तर दुसऱ्या घटकाकडे जा. तिसऱ्याकडे जाण्याआधी मात्र डॉक्टर.

खपली जाड असेल तर

पोपडे आलेल्या भिंतीवर कितीही भारी रंग लावा, तो पोपड्याबरोबरच गळून पडतो. डोक्यावर जाड खपली असताना कीटोकोनाझोलचं तेच होतं, औषध वरच्या वर राहतं. आधी खपली उतरवायला हवी. त्यासाठी सॅलिसिलिक ॲसिडचा, किंवा कोलटार आणि सॅलिसिलिक ॲसिड एकत्र असलेला शाम्पू किंवा लोशन मिळतं. कोलटारला डांबरासारखा वास येतो, उशीच्या अभ्र्याला डाग पडतात आणि उन्हात त्वचा लवकर भाजते, म्हणून लावल्यावर डोकं झाका. लहान मुलांना आणि गरोदर बाईला हे स्वतःच्या मनाने देऊ नये. खपली बोटांनी उपटायचा मोह आवरा, रक्त येतं आणि तिथे पू धरतो.

गेला होता, परत आला

यात औषध हरलं असं काही नाही. बुरशी डोक्यावर राहणारच, आणि तुमची संवेदनशीलताही. शाम्पूने तिची संख्या कमी होते, बंद केला की काही आठवड्यांत पूर्ववत. म्हणून बरं वाटल्यावर तोच शाम्पू आठवड्यातून किंवा पंधरवड्यातून एकदा चालू ठेवायचा, मधल्या धुण्याला साधा चालतो. माझ्याकडे परत येणाऱ्यांतले निम्म्याहून जास्त लोक याच पायरीवर सुटलेले वाटतात. बाटली संपली, कोंडा गेला होता, म्हणून नवी आणली नाही. थंडी लागायच्या आधीच एक बाटली घरात ठेवा.

हे करू नका

लिंबू चोळू नका. सोललेल्या त्वचेवर झोंबतं, आणि लिंबाचा रस त्वचेवर राहून ऊन लागलं तर काळे डाग आणि फोड येऊ शकतात. खायचा सोडाही नको, तो अल्कधर्मी असतो आणि त्वचेचा आम्लधर्म बिघडवतो. दह्याने थोडं मऊ वाटतं, त्यापलीकडे मला त्याचा फायदा दिसलेला नाही. "अंगातली उष्णता" म्हणून खाण्यातले दहा पदार्थ बंद करणारेही भेटतात. झोप नीट घेतली तर त्यापेक्षा जास्त फरक पडेल.

आणि ट्यूब मागू नका. स्टेरॉइड, बुरशीनाशक आणि अँटिबायोटिक एकत्र असलेली मलमं "शेजाऱ्याला लागू पडली" म्हणून मागितली जातात. स्टेरॉइडने दोन दिवसांत खाज जाते हे खरं, म्हणूनच ते धोक्याचं. थांबवलं की दुप्पट जोराने परत येतं, चेहऱ्यावर लावलं तर त्वचा पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसायला लागतात, मुरमासारखे फोड येतात. नायट्यावर लावलं तर तो पसरतोही आणि ओळखूही येत नाही. तीव्र सूज असताना डॉक्टर स्टेरॉइडचं लोशन थोड्या दिवसांसाठी देतात, पण किती, कुठे आणि कधी बंद करायचं हे ते ठरवतात. चिठ्ठी नसेल तर मी देत नाही. कुणी रागावून पुढच्या दुकानात जातं, जाऊ दे.

इथे थांबा, त्वचारोगतज्ज्ञ गाठा

वरचं सगळं नीट करून, दोन वेगळे घटक चार-चार आठवडे वापरूनही फोटोत फरक नाही. पू, पिवळी ओली खपली, ठणका, ताप किंवा मानेत गाठी. केस चट्ट्याने गेलेत, किंवा केस गेलेली जागा गुळगुळीत, चमकदार दिसते. पापण्यांच्या कडा लाल होऊन डोळे चुरचुरतात. खपल्यांसोबत सांधे दुखतात. मूल बारा वर्षांच्या आतलं आहे आणि नुसत्या साध्या धुण्याने भागत नाही. यांतलं एकही असेल तर दुकानातून काही घेण्यात अर्थ नाही.

आजवर काही नव्हतं आणि अचानक डोकं, चेहरा, छाती सगळीकडे जोरात उसळलं, तर लवकर जा. प्रतिकारशक्ती कमी झाली असताना, एचआयव्हीच्या संसर्गातही, सेबोरिक डर्मटायटिस असा तीव्र होतो. डॉक्टरांनी रक्ततपासणी सुचवली तर अपमान वाटून घेऊ नका. पार्किन्सन असलेल्या वडीलधाऱ्यांनाही हा त्रास जास्त होतो, तिथे घरच्यांनी धुण्याची जबाबदारी घ्यावी लागते. बुरशीच्या गोळ्या स्वतःहून घेऊ नका, त्यांचा यकृतावर परिणाम होऊ शकतो आणि इतर औषधांशी त्या भांडतात.

खासगी फी परवडत नसेल तर जिल्हा रुग्णालयात किंवा सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात त्वचारोगाची ओपीडी कोणत्या दिवशी असते ते विचारून घ्या. तिथेही खरवडून घेतलेली खपली सूक्ष्मदर्शकाखाली बघतात, नायटा आहे की नाही हे त्यातून बरंचसं कळतं.

जाताना डोक्याला तेल लावून, डाय करून किंवा सकाळीच घासून धुऊन जाऊ नका. खपली दिसली नाही तर डॉक्टर बघणार काय? आधीचे फोटो, वापरलेल्या शाम्पूंच्या मागच्या बाजूचे फोटो, आणि कुणी न सांगता लावलेली ट्यूब असेल तर तिचं रिकामं खोकंसुद्धा सोबत न्या. ते लपवलंत तर निदान चुकतं.